टॉप बसला म्हणजे करंट झेपला असं नाही

फर्निचरचं काम आता दुकानात कमी आणि गिऱ्हाइकाच्या घरात जास्त चालतं. प्लायच्या शीट हॉलमध्ये उतरतात, तिथंच कापायच्या, तिथंच राउटरनं कडा-खाचा मारायच्या, तिथंच सनमायका चिकटवायचा. म्हणजे माझी सगळी मशिनं रोज दुसऱ्याच्या भिंतीतल्या वायरीवर चालतात. ती वायर कुणी ओढली, कधी ओढली, भिंतीच्या आत जोड कुठं मारलाय, यातलं मला काही माहीत नसतं. म्हणून नव्या घरात गेलो की माप घ्यायच्या आधी मी बोर्ड बघतो. मेन बोर्ड कुठं आहे, एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारी बटणं आहेत की अजून चिनी मातीचे फ्यूज आहेत, पॉवर पॉइंट किती आणि कुठं.

लातूर शहरात आणि आजूबाजूला औसा, मुरूड, रेणापूर, चाकूर या भागात काम करताना हे सगळं शिकायला मिळालं. थोडं वायरमन मंडळींकडून, थोडं आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, भरून देणाऱ्या दुकानदाराकडून, आणि बरंच जळालेल्या सॉकेटांकडून. घरी स्वतः कटर-ग्राइंडर चालवणारे आता पुष्कळ झालेत. ऑनलाइन मशीन मागवतात, खोक्यातून काढतात आणि टीव्हीच्या बोर्डाला लावतात. हे लिखाण त्यांच्यासाठी, आणि आमच्या धंद्यात नव्यानं आलेल्या पोरांसाठी.

आधी हिशोब. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची. मशीनच्या अंगावर एक पत्रा किंवा स्टिकर असतो, त्यावर वॅट लिहिलेले असतात. वॅटला २३० नं भागलं की अँपिअर निघतात. चार इंची ग्राइंडर साधारण ७५० वॅटचा, म्हणजे सव्वातीन अँपिअर. सात इंची हातकटर १४०० वॅटचा, म्हणजे सहाच्या थोडं वर. मोठा राउटर १८५० वॅटचा असला तर आठ अँपिअर. लोखंडी पाइप कापायचं चौदा इंची कटऑफ मशीन २२०० वॅटचं असलं तर साडेनऊच्या वर.

आता भिंतीकडं बघा. लहान सॉकेट ६ अँपिअरचं. सहा गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट, ही त्याची शेवटची हद्द. मोठं सॉकेट १६ अँपिअरचं, त्याची हद्द ३६८० वॅट. जुन्या घरात त्यांनाच पाचचा आणि पंधराचा पॉइंट म्हणतात. म्हणजे ग्राइंडर, ड्रिल, छोटा रंधा, जिगसॉ हे लहान सॉकेटवर चालतात. हातकटर तिथं काठावर येतो. मोठा राउटर, कटऑफ, दोन एचपीचा कॉम्प्रेसर, फोडायचा मोठा हॅमर यांना मोठं सॉकेटच पाहिजे, दुसरी गोष्ट नाही. आणि मोठ्या सॉकेटवरसुद्धा तासन्तास चालणारं काम असेल तर मी दहा-बारा अँपिअरच्या वर जात नाही. सॉकेटवर १६ लिहिलेलं असतं ते नव्या, घट्ट, चांगल्या वायरीच्या सॉकेटचं. गिऱ्हाइकाच्या घरातलं सॉकेट नवं असतंच असं नाही.

गोंधळ इथं होतो की बऱ्याच मशिनांना कंपनीकडूनच लहान टॉप, म्हणजे प्लग, बसवून येतो. हातकटर १४०० वॅटचा, टॉप मात्र सहाचा. तो टीव्हीच्या बोर्डात मस्त बसतो. टॉप बसला, मशीन फिरलं, म्हणजे सगळं ठीक, असं माणसाला वाटतं. त्याहून वाईट म्हणजे बाजारात मिळणारं ते कन्व्हर्टर, ज्यात मोठा टॉप घालायचा आणि ते लहान सॉकेटात खोचायचं. दोन टॉपांचे आकार वेगळे ठेवलेत ते जास्त करंटचं मशीन कमी ताकदीच्या पॉइंटला लागूच नये म्हणून. ती आडकाठीच हे कन्व्हर्टर काढून टाकतं. माझ्या पेटीत ते नाही, आणि माझ्याबरोबरच्या पोरांनाही मी ते वापरू देत नाही.

बरं, लहान सॉकेटवर जास्त लोड टाकला तर एमसीबी पडेलच की, असं कुणी म्हणेल. नाही पडत. एमसीबीचं काम भिंतीतल्या वायरीला जपणं. सॉकेटला जपणं तिचं काम नाही आणि माणसाला जपणं तर नाहीच नाही. समजा त्या लाइनीवर १६ ची एमसीबी आहे आणि लाइनीवर तीन-चार लहान सॉकेट आहेत. त्यातल्या एकावर तुम्ही दहा अँपिअर ओढले तर सॉकेट तापून पिवळं पडेल, पण एमसीबीच्या लेखी सगळं आलबेल असतं. शिवाय १६ ची एमसीबी १६ वर लगेच पडते हाही गैरसमज आहे. एमसीबीच्या मानकाप्रमाणे १३ टक्के जास्त करंट गेला तरी ती तासभर धरून ठेवते. ४५ टक्के जास्त झाला, म्हणजे २३ अँपिअर, तर तासाभराच्या आत पडलीच पाहिजे, पण तो 'आत' पन्नास मिनिटांचाही असू शकतो. तेवढ्या वेळात सॉकेटाचं प्लास्टिक वितळून जातं.

याच्या उलट तक्रारही ऐकू येते. मशीन चालू केलं की एमसीबी लगेच पडते. मोटर चालू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते. एमसीबीवर बी किंवा सी असं अक्षर छापलेलं असतं. बी गटातली तिच्या आकड्याच्या तीन ते पाच पट करंटला झटक्यात पडते, सी गटातली पाच ते दहा पटीला. बी असेल तर कटऑफ किंवा कॉम्प्रेसर चालू होतानाच ती पडणार. इलाज म्हणजे वायरमनकडून त्याच अँपिअरची सी गटातली बसवून घेणं, किंवा सॉफ्ट स्टार्टचं मशीन घेणं. १६ च्या जागी ३२ ची बसवणं हा इलाज नाही. भिंतीत दीडची, म्हणजे दीड स्क्वेअर एमएम जाडीची वायर असेल तर तिला १० ची एमसीबी, अडीचची असेल तर १६ ची, चारची असेल तर २० किंवा २५ ची, असा साधारण मेळ असतो. एमसीबी मोठी केली की एमसीबीच्या आधी वायर तापायला लागते, आणि भिंतीतली वायर तापलेली कुणाला दिसत नाही. जुन्या फ्यूजमध्ये तारेचे चार-पाच पदर घालून ठेवतात तोही हाच प्रकार.

आता ढिल्या कॉन्टॅक्टबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घरात मशीन चालवताना सगळ्यात जास्त सॉकेट यामुळंच जळतात.

जळालेलं सॉकेट उघडून बघा. समोरून तीन भोकांपैकी एकाभोवती तपकिरी वलय असतं, बहुतेक वेळा फेजच्या. मागं बघितलं की त्याच बाजूच्या स्क्रूजवळ वायरीचं आवरण कडक होऊन तडकलेलं, तांबं काळंनिळं झालेलं. आतली पितळेची पट्टी, जी टॉपच्या पिनेला दोन्ही बाजूंनी दाबून धरते, ती फाकलेली असते. नव्या सॉकेटात टॉप काढायला जोर लागतो. फाकलेल्यात तो नुसता लटकतो, वायरीच्या वजनानं खाली झुकतो. पिन आणि पट्टी यांच्यामध्ये फक्त अर्धा ओहम रोध तयार झाला आणि दहा अँपिअर गेले, तर त्या हरभऱ्याएवढ्या जागेत ५० वॅट उष्णता निघते. मोबाइलचा चार्जर त्याच सॉकेटवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो, कारण त्याचा करंट नगण्य. आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून काल चाललेलं सॉकेट आज मोठं मशीन लावल्यावर जळतं आणि घरमालक म्हणतो, "मिस्त्री, तुमच्या मशीननं आमचा बोर्ड जाळला." मशीननं जाळला हे खरं, पण दुखणं आधीपासून तिथं होतं.

तपासायची माझी पद्धत सोपी आहे. काम सुरू केल्यावर दहा मिनिटांनी मशीन थांबवायचं, सॉकेटचं बटण बंद करायचं, टॉप काढायचा आणि त्याच्या पिना हाताच्या पाठच्या बाजूला लावून बघायच्या. कोमट असतील तर चालेल. चटका बसला तर तो पॉइंट सोडायचा, तिथं पुन्हा काही लावायचं नाही आणि घरमालकाला सांगायचं की हे सॉकेट बदलून घ्या. फक्त एकच पिन गरम असेल तर त्या बाजूचा कॉन्टॅक्ट ढिला. पिना गार आणि वायर गरम असेल तर वायर बारीक. मशीन चालू असताना टॉपजवळ चर्र असा बारीक आवाज येत असेल किंवा घरातला दिवा मशीनच्या तालावर लुकलुकत असेल, तर दहा मिनिटंही थांबू नका. आणि कुजक्या मासळीसारखा वास येत असेल तर तो बहुतेक वेळा तापलेल्या सॉकेटाच्या प्लास्टिकचा असतो. घरात मासळी आणलेली नसताना असा वास आला तर आधी मेन बंद करा, मग शोधा.

मग मोठं मशीन लावायचं कुठं? घरात गिझर किंवा एसी असेल तर त्यांचा पॉइंट सगळ्यात चांगला. चांगल्या वायरमननं केलेल्या घरात त्याला बोर्डापासून वेगळी, चारची वायर आणि स्वतःची एमसीबी असते. औसा रोडला एका घरी मी बाथरूमपासून वायर ओढायला लागलो तर काकू म्हणाल्या, "मिस्त्री, हॉलातलं बटण हाताशी आहे की. तिकडून कशाला ओढायलाव?"

"काकू, ते सहाचं आहे. गिझरची वायर जाड असती. काम होस्तोवर गिझर बंद ठेवायला जमंल का?"

"एवढ्या उन्हाळ्यात कोण गिझर लावतंय, घ्या."

एवढ्यावर भागतं. विचारलं की बहुतेक लोक नाही म्हणत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं. फक्त बाथरूममधली वायर ओल्या फरशीवरून न नेता दाराच्या चौकटीवरून काढायची आणि त्या वेळात बाथरूम कुणी वापरायचं नाही हे घरात सगळ्यांना सांगायचं. स्वयंपाकघरातला मिक्सरचा मोठा पॉइंटही चालतो, पण त्याच लाइनीवर फ्रीज, ओव्हन असतात. ते चालू असताना तुमचं मशीन त्यांच्यात भर घालतं.

एक पॉइंट मात्र कटाक्षानं टाळायचा, तो म्हणजे इन्व्हर्टरवरचा. आपल्याकडं लोडशेडिंगमुळं घरोघरी इन्व्हर्टर आहे आणि हॉलमधले काही पॉइंट त्यावर असतात. कटर चालू असताना लाइट गेली की सगळा भार इन्व्हर्टरवर येतो. आठशे-नऊशे व्हीएच्या इन्व्हर्टरला १४०० वॅटचा कटर झेपत नाही. कोणता पॉइंट इन्व्हर्टरवर आहे हे काम सुरू करायच्या आधी मेन बंद करून बघून घ्यायचं.

लाइट जाण्यावरून आठवलं. ग्राइंडरला, कटरला बटण दाबून अडकवून ठेवायची सोय असते. काम चालू असताना लाइट गेली, पोरानं मशीन तसंच खाली ठेवलं आणि चहाला गेला. पाऊण तासानं लाइट आली की ते मशीन जमिनीवर आपोआप फिरायला लागतं, पाती उघडी, जवळ लहान मूल. लाइट गेली की आधी बटण सोडायचं, मग टॉप काढायचा, मगच हात रिकामे करायचे. आमच्याकडं हा नियम मोडलेला मी खपवून घेत नाही.

आता एक्स्टेन्शन. लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत कुठल्याही दुकानात मागितलं की चार सॉकेटांचा पांढरा बोर्ड आणि बारीक वायर मिळते. तो टीव्ही, राउटर, चार्जरसाठी ठीक. राउटर म्हणजे वायफायचा, लाकडाचा नाही. त्या बोर्डात बऱ्याचदा पाऊणची वायर असते, कधी त्याहूनही बारीक. पाऊण स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या ३० मीटर वायरीतून दहा अँपिअर गेले, तर जाऊन-येऊन ६० मीटरची वाट होते आणि जवळजवळ १६ व्होल्ट वायरीतच खाल्ले जातात. १५० वॅटहून जास्त उष्णता त्या वायरीत निघते. तीच वायर अडीचची असेल तर पाच व्होल्टही पडत नाहीत. पाच एचपीच्या मोटरला अर्ध्या इंची पाइप लावल्यासारखं आहे ते. मोटर कितीही दमदार असो, पाणी बारीकच येणार, आणि मोटरही तडफडणार.

वायर गुंडाळीवर असेल तर सगळी उलगडायची. पाच मीटरच लागते म्हणून बाकीची पंचवीस रिळावर ठेवली, तर त्या पंचवीस मीटरची उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही. आतले पदर एकमेकांना चिकटलेली रिळं मी बघितली आहेत. सतरंजीखालून, प्लायच्या शीटखालून वायर नेऊ नका. आणि वायर तुटली तर पिळून टेप मारून चालवू नका. तुटल्या जागी कापून दोन वायरी करा, त्यांना टॉप आणि सॉकेट बसवा, किंवा टाकून द्या. एका एक्स्टेन्शनला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, अशी माळही नको. प्रत्येक जोड म्हणजे ढिल्या कॉन्टॅक्टची एक नवी जागा.

मी स्वतःसाठी एक डबा बनवून घेतलाय, परवानाधारक वायरमनकडून. अडीचची तीन कोअर लवचिक वायर, रबरी आवरणाची, एका टोकाला १६ चा घट्ट टॉप. दुसऱ्या टोकाला बंद डबा, त्यात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, १६ ची सी गटातली एमसीबी आणि १६ ची दोन सॉकेट. कुठल्याही घरात गेलं तरी मशिनं या डब्यालाच लागतात. घरमालकाच्या बोर्डात आरसीसीबी असो नसो, माझ्या हाताशी एक आहे. मशिनांच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे, आणि माझ्या पेटीतली सगळ्यात मोलाची वस्तू मला हीच वाटते.

आरसीसीबी काय करते ते नीट समजून घेतलं पाहिजे. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. तीस मिलिअँपिअरएवढा जरी कुठं गळाला, म्हणजे मशीनच्या लोखंडी अंगातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, तर ती डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडते. २३० व्होल्टला हात लागला तर अंगातून याच्या कितीतरी पट करंट जाऊ शकतो आणि तो काळीज बंद पाडायला पुरतो. पण एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर आरसीसीबीला ते कळत नाही, तिच्या लेखी तुम्ही एक बल्ब. आणि लोड जास्त झाला तरी तिला कळत नाही, त्यासाठी एमसीबी वेगळी लागतेच. तिच्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असतं. ते महिन्यातून एकदा तरी दाबून बघा. दाबल्यावर पडली नाही तर ती नुसती शोभेची आहे, बदला.

हे सगळं मी इतकं का सांगतोय, तर आपल्या मराठवाड्यातल्या अर्थिंगमुळं. इथं वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काळी माती पावसाळ्यात ओल धरते तेव्हा अर्थिंगला चांगली, पण एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग पडली की जमिनीत पुरलेला अर्थिंगचा पाइप आणि माती यांचा संबंध सुटतो. भारतीय मानकाप्रमाणे अर्थिंगचा पाइप अडीच मीटर तरी खोल पाहिजे, भोवती कोळसा आणि मीठ. खडक लागला तर पाइप उभ्या रेषेपासून ३० अंशांपर्यंत तिरका घालायची मुभाही त्यात आहे. पण खोदणारा चार फुटांवर दगड लागला की पाइप कापून मोकळा होतो. वर सिमेंटचं झाकण बसलं की खाली काय आहे ते कुणाला दिसणार.

उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतायचं असतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं येत होतं. माणसाला घागरभर पाणी मिळायची मारामार असताना अर्थिंगच्या खड्ड्यात कोण पाणी ओतणार? त्या उन्हाळ्यात लोखंडी अंगाचं कुठलंही मशीन हातात धरलं की बारीक मुंग्या यायच्या, घर नवं असो की जुनं.

आता हिशोब बघा. मशीनच्या आत वायर सोलून लोखंडी अंगाला लागली. अर्थिंगचा रोध १ ओहम असेल तर २३० अँपिअर जमिनीत जातील, एमसीबी त्याच क्षणी पडेल. पण वाळलेल्या जमिनीत रोध २० ओहम झाला तर करंट फक्त साडेअकरा अँपिअर. १६ ची एमसीबी साडेअकरावर पडत नाही, कधीच नाही. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि तरी मशीनचं अंग जिवंत आहे, माणसानं हात लावायची वाट बघत. आरसीसीबीला मात्र साडेअकरा अँपिअर म्हणजे तिच्या हद्दीच्या जवळजवळ चारशे पट. ती पडणारच. म्हणून ज्या भागात जमीन वाळते तिथं नुसत्या अर्थिंगवर विसंबून मशीन चालवू नये, आरसीसीबी पाहिजेच. आणि आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंगची वायर तोडूही नये. अर्थिंग असेल तर गळती होताच ती पडते, नसेल तर तुमचा हात लागेपर्यंत थांबते.

घरात अर्थिंग आहे का हे बघायला वायरमन फेज आणि तिसऱ्या भोकाच्या मध्ये जुना तारेचा बल्ब लावतात. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही, तो जरा करंट मिळाला तरी लागतो. शंभरचा तारेचा बल्ब पूर्ण लागला तर अर्थिंग जोडलेलं आहे, आरसीसीबी असेल तर ती पडेल आणि तीही चांगलीच खूण. पण बल्ब लागला म्हणजे अर्थिंग उत्तम असं समजू नका, २० ओहमच्या अर्थिंगवरही तो जवळजवळ तेवढाच उजळ दिसतो. किती ओहम ते अर्थ टेस्टरवरच कळतं. काही ठिकाणी सॉकेटात न्यूट्रलचीच वायर तिसऱ्या भोकाला जोडून दिलेली सापडते. बल्ब तिथंही लागतो. पण वाटेत कुठं न्यूट्रल तुटला की मशीनच्या अंगावर सरळ फेज येतो. गुपचूप मरण आहे ते, आणि असं जोडणाऱ्याला मी वायरमन म्हणणार नाही.

आताच्या हातातल्या बऱ्याच मशिनांना दोनच पिना असतात. त्यांच्या पत्र्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, त्यांना अर्थिंग लागत नाही. ज्याला कंपनीनं तीन पिना दिल्यात त्याची वरची जाड पिन मात्र कापायची नाही. ती इतर दोन पिनांपेक्षा लांब असते ती आधी अर्थिंग जोडलं जावं म्हणूनच. काड्या खोचून उघड्या वायरी सॉकेटात घालणारे अजून दिसतात. त्यांना मी हात धरून थांबवतो, वाद झाला तरी चालेल.

फरशीवाल्यांचं काम याहून धोक्याचं. मार्बल कटर, त्यावर पाण्याची धार, पायाखाली ओल, आणि पुष्कळदा अनवाणी. माझ्या ओळखीतलं एक पोरगं असंच गेलं, जूनच्या पहिल्या पावसात, बांधकामाच्या तात्पुरत्या लाइनीवर. कटरची वायर मशीनच्या बुडाशी सोलली होती आणि तिच्यावर टेप होती. बोर्डात आरसीसीबी नव्हती. त्याचा बाप अजून भेटतो तेव्हा त्याच वायरीबद्दल बोलतो. फरशी, प्लंबिंग, कोरीव काम करणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे, रबरी तळव्याचे बूट घाला आणि आरसीसीबी असलेल्या बोर्डाशिवाय ओल्यात मशीन चालू करू नका.

कुणाला शॉक बसून तो चिकटला असेल तर त्याला हात लावू नका, आधी मेन पाडा. मेन जवळ नसेल तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला सारा. श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभरहून जास्त वेळा दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. तो शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्या.

गावाकडं काम असलं की व्होल्टेजचा प्रश्न येतो. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की घरात १८० व्होल्ट येतात. ग्राइंडर, कटर तेव्हा हळू फिरतात, आपण जोर लावतो, करंट वाढतो आणि आतला पंखा हळू फिरत असल्यानं मशीन गारही होत नाही. आर्मेचर जळतं ते असं. कॉम्प्रेसर तर नुसता घुमतो, फिरत नाही. घुमला की दोन-तीन सेकंदांत बंद करा. माझ्या डब्यावर छोटा व्होल्टमीटर बसवलाय, दोनशेच्या खाली काटा आला की मोठी कापाकापी थांबवून आम्ही सनमायका, बिजागरी असली हाताची कामं घेतो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडं जी पुनर्वसनाची घरं झाली, त्यात ज्यांनी वायरिंग बदललेलं नाही त्यांचं आता तीस वर्षांचं झालंय. माळवदाच्या जुन्या घरात तर लाकडी पट्टीवरचं वायरिंग अजून सापडतं, वर कोरडं सागवान आणि माती. तिथं मी मोठं मशीन लावतच नाही. कापाकापी दुकानात करून आणतो.

वेल्डिंगबद्दल थोडक्यात. छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन खांद्याला अडकवून येतं म्हणून ते हलकं वाटतं, पण जाड रॉड लावला की ते घरच्या १६ च्या पॉइंटची हद्द ओलांडतं. बारीक रॉड, कमी अँपिअर, छोटं टाचण, एवढंच घरच्या पॉइंटवर. मोठं गेट असेल तर जनरेटर किंवा वर्कशॉप. अर्थचा क्लॅम्प जिथं वेल्डिंग करताय त्याच लोखंडाला, जोडाच्या जवळ लावा, घराच्या ग्रिलला किंवा नळाच्या पाइपला नाही. आणि मीटरच्या आधी तारेवर आकडा टाकून वेल्डिंग करणं हे वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली चोरीत येतं, शिवाय तिथं तुमच्या आणि डीपीच्या मध्ये तुम्हाला वाचवणारं काहीच नसतं. वीज बिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो एक किलोवॅट असेल आणि घरात मशिनं चालवायची असतील, तर अर्ज करून वाढवून घ्या.

ज्यांचं घर आता बांधायला चाललंय त्यांच्याशी शेवटचं बोलतो, कारण हे काम प्लास्टरच्या आधीच होतं. वायरमनला सांगा, व्हरांड्यात एक आणि गच्चीवर एक असा १६ चा पॉइंट काढ. दोन्हीला बोर्डापासून स्वतंत्र चारची वायर, २० ची सी गटातली एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. गच्चीवरचं सॉकेट झाकणाचं, पाऊस न शिरणारं घ्या आणि जमिनीपासून कमरेएवढं वर बसवा. अर्थिंगचा खड्डा खोदताना स्वतः उभं राहून खोली मोजा, झाकणाखाली पाणी ओतायला पाइपचं तोंड उघडं ठेवायला लावा, आणि ते तोंड मोरीच्या जवळ येईल अशी जागा निवडा, म्हणजे उन्हाळ्यात धुण्याचं पाणी तिथं वळवता येईल.